झोपायचं नाही, एवढीच अट

चाकणच्या एका मोटार कंपनीचे मालक विश्वंभर दाते यांनी नवी गाडी काढली. हमरस्त्यावर ती आपली आपण चालायची. कुठं अडली, की घंटा वाजवायची आणि माणसानं दहा सेकंदांत स्टिअरिंग हाती घ्यायचं. गाडी विकणाऱ्या डीलरांच्या मेळाव्यात साहेब गरजले, "पाच वर्षांत प्रत्येक श्रीमंताच्या दारात हीच गाडी दिसेल! सुरुवात आपल्यापासून. उद्यापासून कंपनीचे बाराही ड्रायव्हर घरी!"

वीस वर्षं साहेबांची गाडी चालवणारे ड्रायव्हर गायधनी भिंतीपाशी उभे होते. शेजारच्या अकरा जणांचे चेहरे उतरलेले पाहून ते तडक पुढं आले.

"साहेब, घंटा वाजली की स्टिअरिंग कोण धरणार?"

"पुढं बसलेला माणूस! त्यानं झोपायचं नाही, एवढीच अट."

"आणि आम्ही घरी बसल्यावर पुढं कोण बसणार?"

"मीच बसेन!"

"मग अभिनंदन, साहेब! आजवर तुम्ही मागं घोरायचात आणि मी पगार घेऊन जागा राहायचो. आता तुम्ही पदरचे पैसे भरून माझी नोकरी मिळवलीत!"

सभागृहात हशा पिकला. सगळ्या डीलरांना त्यांच्या त्यांच्या ड्रायव्हरनंच आणलं होतं. त्यांतल्या एकानं ऑर्डर लिहायला काढलेल्या पेनाला टोपण लावलं. "दातेसाहेब, आमचं श्रीमंत गिऱ्हाईक मागच्या सीटवर बसतं. ते जागं राहायला गाडी घेत नाही."

साहेब माइक बाजूला करून पुटपुटले, "बाराही जणांना राहू द्या."

"माइकवर बोला, साहेब," गायधनी म्हणाले, "घरी पाठवलंत तेव्हा माइकवरच बोलला होतात."