चूल न पेटलेली माणसं

एका डोंगरावर एक बुरूज होता आणि त्या बुरुजावर रायाजी नावाचा एक म्हातारा रोज संध्याकाळी धूर मोजत बसे.

खाली सातकड्याचं खोरं पसरलेलं होतं. दिवस कलला की घराघरांतून धुराच्या रेघा वर यायच्या. काही निळ्या, काही राखाडी, काही इतक्या बारीक की आभाळाने फुंकर घातली तर पुसून जाव्यात. रायाजी बोटांच्या पेरांवर त्या मोजी. एक धूर म्हणजे एक चूल आणि एक चूल म्हणजे एक घर. त्याचा आकडा राजवाड्यात जाई आणि त्या आकड्याप्रमाणे राजा वस्त्यांना धान्य, मीठ, कापड पाठवी. रायाजीच्या बापाने असेच धूर मोजले होते, आज्यानेही मोजले होते. त्यामुळे ही पद्धत बरोबर आहे का, असं विचारणं त्या राज्यात उद्धटपणाचं समजलं जाई.

एका वर्षी, पावसाळा सरता सरता, सावळी नदीने कूस बदलली. झोपेत माणूस वळतो तशी ती वळली. सकाळी लोकांनी पाहिलं तर जिथे डोहगाव होतं तिथे पाणी होतं आणि पाण्यात आभाळ होतं. एक ढग संथपणे देवळाच्या कळसाभोवती फिरत होता. गावची माणसं वाट फुटेल तिकडे डोंगरांवर चढली. कुणी गुहेत शिरलं, कुणी झाडाखाली थांबलं. मग खोऱ्यात धुकं उतरलं आणि सगळं त्या धुक्यात बुडून गेलं. दिसला तर धुक्यावर आलेला धूरच दिसणार होता.

राजा दयाळू होता. त्याने हुकूम सोडला, "डोंगरांवर जिथे जिथे धूर दिसेल तिथे धान्य पोचवा. एकही माणूस उपाशी राहता कामा नये."

रायाजी रोज डोळे ताणून डोंगर पाहू लागला. त्याच्या शेजारी त्याची नात केसर उभी राही. ती धूर मोजत नव्हती, एकच धूर शोधत होती. तिची मोठी बहीण साळू डोहगावात दिलेली होती. साळूचे दिवस भरत आले होते.

"आबा, डोहगावाजवळच्या उगवतीच्या कड्यावर काहीच दिसत नाही का हो?"

"नाही."

"मी खाली जाऊन बघून येऊ?"

"काय बघणार? धूर नाही म्हणजे माणूस नाही. इतकी वर्षं मी इथे गवत उपटत बसलोय का?"

केसरच्या जिभेवर उत्तर होतं, पण म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते म्हणून ती पुन्हा कड्याकडे बघू लागली.

इकडे बैलगाड्या निघाल्या होत्या. सर्वांत जास्त गाड्या वाघदरीत गेल्या, कारण तिथून दाट पांढरा धूर सतत वर येत होता. खरं तर वाघदरीत गरम पाण्याचे झरे होते आणि वर येत होती ती वाफ. गाडीवाले दरीच्या तोंडाशी पोती उतरवत आणि परत फिरत. आत वानरांची टोळी राहत होती. ती दिवसेंदिवस गुबगुबीत होत चालली. दरबारात प्रधानजी मोठ्या अभिमानाने सांगत, "महाराज, वाघदरीची रयत फार समजूतदार. अजून एक तक्रार आलेली नाही."

चंद्र वाढत गेला, उगवतीचा कडा तसाच कोरा राहिला. शेवटी एका संध्याकाळी रायाजी बुरुजावरून खाली आला आणि उंबऱ्यावर बसला.

"केसर, चूल विझव."

"का?"

"साळू गेली. आपल्याला सुतक आहे."

सातकड्याच्या खोऱ्यात पूर्वीपासून नेम होता. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात सुतकाचे दिवस होईपर्यंत चूल पेटत नसे. शेजारीपाजारी पिठलं-भाकरी आणून देत आणि समोर बसून दोन घास खायला लावत. केसरने चूल विझवली. बुरुजाला शेजार नव्हता, त्यामुळे कुणी काही आणलं नाही. दोघं पाणी पिऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी राजवाड्याचा शिधा आला नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही आला नाही. मग शिधा वाटणारा गाडीवान वाटेने जाताना दिसला. केसरने त्याला बुरुजावरूनच अडवलं.

"ओ सखोबा! आम्हाला विसरलात काय?"

सखोबाने दचकून वर पाहिलं. "अगं बाई, तुम्ही आहात होय इथे? राजवाड्यातून तुमचा धूर दिसला नाही. आम्हाला वाटलं, बुरूज ओस पडला."

केसरला हसू आलं आणि ते हसू अर्ध्यावरच थांबलं. ती धावत खाली आली.

"आबा, ऐकलंत? आपण मेलो!"

"काहीतरी अभद्र बोलू नकोस."

"मी नाही, राजवाडा बोलतोय. आपली चूल बंद म्हणून आपण नाही. आबा, डोहगावात पूर आला. घरोघरी कुणी ना कुणी गेलं असेल. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांनी चूल पेटवली असेल का?"

रायाजीने विझलेल्या चुलीकडे पाहिलं. सुतकाचा नेम त्याला ठाऊक होता. धूर मोजायची रीतही त्याला ठाऊक होती. दोन्ही गोष्टी त्याने आयुष्यभर पाळल्या होत्या. फक्त त्या एकमेकींशेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या.

"पण रीत..." तो पुटपुटला.

"रीत तुम्ही सांभाळा, मी अक्काला बघते."

उजाडताना केसर खोऱ्यात उतरली. धुकं इतकं दाट होतं की तिला स्वतःचे पाय दिसत नव्हते. झाडं मध्येच उगवत आणि मागे विरघळून जात. एक पांढरी गाय समोरून आली, तिच्याकडे शांतपणे बघून धुक्यात परत शिरली. खरंच गाय होती की धुक्यानेच गायीचं सोंग घेतलं होतं, कोण जाणे. इथे डोळ्यांचा उपयोग नव्हता. म्हणून केसर हाका मारू लागली.

"डोहगावचं कुणी आहे का? साळूअक्का! डोहगावचं कुणी आहे का?"

आणि धुकं बोलू लागलं. दगडांमागून, कपारींतून, झाडांच्या ढोल्यांतून आवाज आले. "मी आहे." "आम्ही इथे आहोत." "इकडे, पोरी, इकडे." जो कडा बुरुजावरून कोरा दिसत होता, तो माणसांनी भरलेला होता.

केसर प्रत्येकाजवळ थांबली. नाव विचारलं, कुणाला शोधताय ते विचारलं, काय हवंय ते विचारलं. लोक उंबरं आणि भिजवलेली मटकी खाऊन राहिले होते. एकाकडे धान्य होतं पण दळायला जातं नव्हतं. एका बाईला फक्त अंगावर घ्यायला कापड हवं होतं, कापडाविना ती कपारीबाहेर येत नव्हती. काही जण तर डोहगावचेही नव्हते. पलीकडच्या राज्यात लढाई पेटली होती, तिथून ते पळून आले होते. ते विस्तवाला घाबरत. धूर दिसला की सैनिक येतात, एवढंच त्यांना माहीत होतं.

आणि एका मोठ्या शिळेच्या आडोशाला साळू बसली होती. तिचं पोट पुढे आलेलं होतं आणि ओठ निळे पडले होते. तिच्यासमोर तीन दगडांची चूल मांडलेली होती. लाकडंही रचलेली होती. पण ती पेटवलेली नव्हती.

"अक्का! गारठून मरशील. ही चूल का पेटवत नाहीस?"

"कशी पेटवू? हे वाहून गेले असतील तर मला सुतक आहे. आणि हे जिवंत असतील तर..." तिने लाकडांवरून हात फिरवला. "मी काय आहे, सवाष्ण की विधवा, तेच मला माहीत नाही, केसर."

शेजारच्या म्हाताऱ्या भागाकाकू म्हणाल्या, "मीच सांगितलं तिला. कळत नाही तोवर चूल बंदच बरी. नेम मोडू नये."

"काकू, नेम पाळायला ही आधी जगली पाहिजे ना!"

"लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस."

"इथे मोठा तर सोडाच, लहान घासही कुठे आहे!" केसर म्हणाली आणि उठली. साळूने तिचा हात धरला.

"तू चूल पेटवायला सांगू नकोस. मला फक्त ह्यांचं काय झालं ते सांग. काहीही असो, खरं तेच सांग."

साळूच्या कड्यासमोर एक घळ होती. फार रुंद नव्हती. मोकळ्या हवेत एका काठावर हसलं तर दुसऱ्या काठावर ऐकू जावं, एवढीच. पण खाली नदी गर्जत होती आणि मध्ये धुकं भरलेलं होतं. केसर वेलींना धरून घळ उतरली, खडकांवरून पाणी ओलांडलं आणि पलीकडे चढली. तिकडेही माणसं होती आणि तिकडेही चुली बंद होत्या. ती हाका देत चालली. "डोहगावचा भिवा! साळूचा भिवा!"

"कोण बोलवतंय?" एका झाडाखालून आवाज आला. "साळूचं नाव घेऊ नका. ती गेली."

भिवा तिथे बसला होता. त्याने डोकं भादरलं होतं. त्याच्यासमोरही तीन दगड मांडलेले होते, थंड.

"दाजी, कुणी सांगितलं ती गेली म्हणून?"

"धुकं विरळ व्हायचं तेव्हा मी रोज त्या कड्याकडे बघायचो. ती तिकडेच पळताना दिसली होती. पण धूर कधी दिसला नाही. मग मी धरून चाललो."

"तिनेही तुमचा धूर शोधला."

"मी कशी पेटवणार चूल? मला तिचं सुतक..." भिवा बोलता बोलता थांबला. त्याने भादरलेल्या डोक्यावर हात ठेवला. "ती आहे?"

"आहे. गारठली आहे, उपाशी आहे आणि तुमच्यासाठी चूल न पेटवता बसली आहे."

भिवा घळीत उतरला तो पायांनी उतरला की पडला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. धुक्यातून तो वर आला तेव्हा साळू आधी त्याच्याकडे नुसती बघत राहिली. स्वप्नात माणूस दिसतं आणि हात लावला की नाहीसं होतं, हे तिला आता चांगलं माहीत झालं होतं. म्हणून तिने हात लावला नाही. ती फक्त म्हणाली, "केस कुठे गेले?"

"तुझ्या नावाने काढले."

"मला न विचारता?"

भागाकाकूंना हसू फुटलं आणि हसता हसता त्या रडू लागल्या. साळूने गारगोटी भिवाच्या हातात दिली. ठिणगी पडली, ओली लाकडं कुरकुरली आणि पेटली. त्या दिवसापासून जिथे जिथे केसरच्या हाकेने माणसाला माणूस सापडलं, तिथे तिथे चूल पेटली. जिथे वाईट बातमी पोचली तिथे लोक रडले, त्यांनी दिवस केले आणि शेजाऱ्यांनी त्यांना घास भरवले. शेजारी व्हायला एवढंही पुरेसं होतं.

केसर तशीच चिखलाच्या पायांनी दरबारात गेली. राजाने विचारलं, "उगवतीच्या कड्यावर किती घरं आहेत?"

"महाराज, घर एकही नाही. माणसं आहेत. जातं हवंय, कापड हवंय, सुईण हवी आहे आणि धान्यही हवंय."

प्रधानजी खाकरले. "आमच्या आज्यापासून आपण धुरावरून मोजतो, मुली. असं दारोदार विचारत फिरणं राजाला शोभत नाही."

"मग वाघदरीला तरी जाऊन या, प्रधानजी. मी येताना तिथूनच आले. तुमची समजूतदार रयत झाडावर बसून शेपटी हलवते आहे."

राजा स्वतः वाघदरीला गेला.  तो परत आल्यावर गाड्या वळवल्या गेल्या आणि प्रत्येक गाडीपुढे हाक देणारं एक माणूस चालू लागलं.

साळूला मुलगी झाली तेव्हा रायाजी बुरुजावरून उतरला. गुडघे धरत, धुकं चाचपत तो कड्यावर पोचला. साळू शेकोटीपाशी बसली होती. तिने आजोबाकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"आबा, तुम्ही मला मोजलं होतंत का?"

रायाजी खाली बसला.  मग त्याला दिसलं की थोड्या अंतरावर एक परकी बाई शेकोटीकडे पाठ करून बसली आहे. पलीकडच्या राज्यातली होती ती. म्हातारा उठला आणि तिच्याजवळ गेला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने तो प्रश्न विचारला.

"बाई, तुमचं नाव काय? तुम्हाला काय हवंय?"

बाईने त्याच्याकडे संशयाने पाहिलं. "धान्य नको. माझा नातू वाटेत सुटला. उदू त्याचं नाव. त्याला कुणीतरी हाक मारा. माझा आवाज आता पोचत नाही."

रायाजीला आकडा सांगायची सवय होती, हाक मारायची नव्हती. तो कड्याच्या टोकाशी गेला, धुक्यासमोर उभा राहिला आणि त्याने हातांचा कर्णा केला.

"उदू! ए उदू!"

तो थांबला. त्याने कान दिला. मग त्याने पुन्हा हाक मारली.

तात्पर्य: ज्यांनी सर्वांत जास्त गमावलं ती माणसं दुरून मोजता येत नाहीत. त्यांच्यापर्यंत चालत जा, त्यांना नावाने हाक मारा आणि त्यांना काय हवंय ते त्यांच्याच तोंडून ऐका.