टाकीवाल्या तिपव्वाचे कागद

फार वर्षांपूर्वी, घरोघरी जातं फिरायचं त्या काळात, चिंचडोण गावात तिपव्वा वडारीण यायची. जात्याचा दगड झिजून गुळगुळीत झाला की पीठ जाडंभरडं पडतं. मग ती हातोडी आणि टाकी घेऊन बसायची आणि दगड ठोकून पुन्हा खरखरीत करायची. टाक्या ती रद्दीच्या कागदांत गुंडाळून आणायची. बाजारातला रद्दीवाला तिला दर खेपेला एखादं फाटकं पुस्तक द्यायचा, त्यामुळे एका खेपेला सगळे कागद मुंग्यांचे, तर दुसऱ्या खेपेला सगळे सावल्यांचे.

पोरं भोवती जमली की ती प्रत्येकाच्या हातात एकेक कागद ठेवायची. म्हणायची, "मला वाचाय येत न्हाई, बाळा. तू वाच. आन् कागद खरं बोलतो का, ते बघून ये."

असं म्हणतात, तिपव्वा गावात असली की मुंग्या मोजून घ्यायला आपणहून रांगेत थांबायच्या, आणि सावल्या मापून होईपर्यंत सूर्य जागचा हलायचा नाही. मी पाहिलेलं नाही. पण आमचं गाव खोटं बोलत नाही, निदान मुंग्यांबद्दल तरी नाही.

एका वर्षी कागद आले घुबडांचे. त्याच आठवड्यात पाटलांची सून तापानं अंथरुणाला खिळली. चावडीच्या माळ्यावर पांढऱ्या घुबडांनी पिल्लं काढली होती. झालं, गावानं सांगड घातली. घुबड सुनेला खातंय, आणि ते आणलं तिपव्वाच्या कागदांनी. पाटलांनी तिला वेशीबाहेर काढलं आणि दुसऱ्या दिवशी घरटं पाडायचं ठरवलं.

पाटलांची नात मंजुळा तेव्हा सात वर्षांची होती. अंथरुणावर होती ती तिची आई. तिला मिळालेल्या कागदात लिहिलं होतं, की घुबड खाल्लेल्या जिवाचे केस आणि हाडं गोळी करून ओकून टाकतं. तिपव्वा गावात नव्हती, पण बघून यायचं राहिलं होतं. पोरीनं माळ्याखालच्या सगळ्या गोळ्या वेचल्या, पाण्यात भिजवल्या आणि काटकीनं उकलल्या.

सकाळी माणसं शिडी घेऊन आली, तर ही चावडीच्या दारात हाडं मांडून बसलेली.

"ऊठ तिथनं," पाटील म्हणाले.

"आज्जा, मी समद्या गोळ्या उकलल्या. उंदरंच निघाली. आईचा एक केस बी न्हाई निघाला."

शिडी धरलेली माणसं खाली बघू लागली. पाटील तिच्याशेजारी मातीत बसले. तिनं कागद पुढे केला. पाटील कोर्टाचे कागद भराभर वाचणारे, पण त्यांनी तो परत तिच्याच हातात दिला.

"मला वाचाय येत न्हाई," ते म्हणाले. "तू वाच."

तिनं सगळा वाचला. शिडी परत गेली. पाटील स्वतः तिपव्वाच्या पालावर गेले आणि तिला मानानं गावात घेऊन आले. सुनेचा ताप नवव्या दिवशी उतरला. असं म्हणतात, आजाऱ्याला झोप लागावी म्हणून ते नऊ दिवस घुबडं आवाज न करता उडत होती. घुबडं एरवीही तशीच उडतात, पण हे बोललं की म्हातारी माणसं रागावतात.

आता पीठ गिरणीत होतं. टाकीवाली येत नाही, आणि गावात निरक्षर माणूसही उरलेला नाही. तरी पौषात एक दिवस चावडीवर पोरांना तिपव्वाच्या नावानं एकेक कागद देतात, सगळे एकाच विषयाचे. पोरं ते घेऊन घरोघर जातात. त्या दिवशी चिंचडोणमध्ये एकाही मोठ्या माणसाला वाचता येत नाही. सरपंच, पोस्टमन, हेडमास्तर, सगळे मान हलवतात आणि पोरालाच सांगतात, "तू वाच, बाळा. आन् बघून ये."