शिंपीणबाईचं पान

एक होती शिंपीण. पक्षीण हं! एवढुश्शी. तुमच्या मुठीत मावेल एवढी. पण मुठीत धरायची नाही. तिला आवडत नाही.

शिंपिणीची चोच म्हणजे सुई. ती पान शिवते. टुच टुच. पानाचं घर करते. घरात अंडी घालते.

थंडी संपली. विसूकाकांच्या गच्चीवर कुंड्यांची कामं निघाली. विसूकाकांनी मोगरा छाटला. कच्च! गुलाब छाटला. कच्च! मग त्यांचा हात काही थांबेना. त्यांनी जास्वंदही छाटली. कच्च! कच्च!

जास्वंदीचं एक मोठं पान खाली पडलं. त्या पानात शिंपिणीचं अर्धं घर होतं. काकांना दिसलंच नाही. चष्मा कपाळावर होता.

"माझं घर!" शिंपीण म्हणाली. तिला फार वाईट वाटलं.

आता जास्वंदीला मोठं पान एकच उरलं. तेही मान टाकून बसलं.

टुणुक टुणुक. शिंपीण गेली जास्वंदीकडे.

"शिंपीणबाई, काय झालं?"

"घर होईना. आणि अंडी तर उद्याच! जास्वंदी, जास्वंदी, पान उभं कर."

"नाही करत. मला तहान लागलीय. आधी झारीला सांग. झारी पाणी घालेल, मग मी पान उभं करीन."

टुणुक टुणुक. शिंपीण गेली झारीकडे. झारी काठोकाठ भरलेली होती. नुसती उभी होती.

"शिंपीणबाई, काय झालं?"

"पान उठेना, घर होईना. आणि अंडी तर उद्याच! झारी, झारी, जरा वाक."

"नाही वाकत. मी काय आपली आपण वाकू? आधी विसूकाकांना सांग. काका मला उचलतील, मग मी वाकेन."

टुणुक टुणुक. शिंपीण गेली विसूकाकांकडे. काका खुर्चीत बसले होते. काकांच्या मांडीवर बोका होता. बोक्याचं नाव पेढा.

"शिंपीणबाई, काय झालं?"

"झारी वाकेना, पान उठेना, घर होईना. आणि अंडी तर उद्याच! काका, काका, झारी उचला."

"कशी उचलू गं? मांडीवर पेढा झोपलाय. झोपलेल्याला उठवायचं नसतं. आधी पेढ्याला सांग. पेढा उतरेल, मग मी हलेन."

टुणुक... शिंपीण थांबली. बोक्याजवळ टुणुक टुणुक जायचं नसतं. ती खुर्चीच्या पाठीवर बसली. लांबूनच म्हणाली, "पेढ्या, ए पेढ्या!"

"मी झोपलोय."

"पण तू बोलतोयस."

"झोपेत बोलतोय. काय झालं?"

"काका हलेनात, झारी वाकेना, पान उठेना, घर होईना. आणि अंडी तर उद्याच! पेढ्या, पेढ्या, खाली उतर."

"नाही उतरत. आधी सिंधूकाकूंना सांग. काकू दुधाची वाटी वाजवतील, मग मी उतरेन."

आणि पेढ्यानं कूस बदलली.

टुणुक टुणुक. शिंपीण गेली सिंधूकाकूंकडे. काकू गच्चीच्या त्या टोकाला बसल्या होत्या. त्यांच्यापुढे पांढरी साडी अंथरलेली होती. साडीवर कुरडया वाळत होत्या. ही एवढी रांग, ती तेवढी रांग. काकूंच्या हातात काठी होती.

"हुश! हुश!"

"काकू, मी कुरडई खायला नाही आले."

"सगळे असंच म्हणतात. काल कावळाही असंच म्हणाला. बरं, काय झालं?"

"पेढा उतरेना, काका हलेनात, झारी वाकेना, पान उठेना, घर होईना. आणि अंडी तर उद्याच! काकू, काकू, उठा. दुधाची वाटी वाजवा."

"अगं बाई, मी कशी उठू? मी उठले की कावळे आलेच. आधी कुरडईला सांग. कुरडई वाळेल, डब्यात जाईल, मग मी उठेन."

टुणुक टुणुक. शिंपीण गेली साडीच्या काठाशी. काठाच्या आत गेली नाही. काकू बघत होत्या.

"शिंपीणबाई, काय झालं?" कुरडई म्हणाली.

"काकू उठेनात, पेढा उतरेना, काका हलेनात, झारी वाकेना, पान उठेना, घर होईना. आणि अंडी तर उद्याच! कुरडई, कुरडई, लवकर वाळ."

"नाही वाळत. आज तिसरा दिवस. अजून मी पोटात मऊ आहे. बघ ना, वर ढग बसलाय. आधी ढगाला सांग. ढग जाईल, ऊन येईल, मग मी वाळेन."

शिंपिणीनं वर पाहिलं. ढगाकडे टुणुक टुणुक जाता येत नाही. म्हणून ती उडाली. भुर्र!

ढग जाडजूड होता. बरोब्बर गच्चीच्या वर बसला होता.

"शिंपीणबाई, काय झालं?"

"कुरडई वाळेना, काकू उठेनात, पेढा उतरेना, काका हलेनात, झारी वाकेना, पान उठेना, घर होईना. आणि अंडी तर उद्याच! ढगा, ढगा, बाजूला जा."

"नाही जात. मला पाय कुठे आहेत? आधी वाऱ्याला सांग. वारा ढकलेल, मग मी जाईन."

भुर्र! शिंपीण गेली वाऱ्याकडे. वारा शेजारच्या शेवग्यावर बसला होता. शेवगा फुललेला होता. तरी एकही फूल हलत नव्हतं.

"शिंपीणबाई, काय झालं?"

शिंपीण दमली होती. तरी तिनं सगळं सांगितलं.

"ढग जाईना, कुरडई वाळेना, काकू उठेनात, पेढा उतरेना, काका हलेनात, झारी वाकेना, पान उठेना, घर होईना. आणि अंडी तर उद्याच! वाऱ्या, वाऱ्या, जरा वाहा ना."

वाऱ्यानं ऐकलं. वाऱ्यानं विचार केला.

"वाहीन. पण सुरुवात जमत नाही. एकदम ढग कसा ढकलू? आधी काहीतरी हलकं दे. अगदी हलकं."

शिंपिणीनं इकडे पाहिलं. शिंपिणीनं तिकडे पाहिलं. हलकं काहीच नव्हतं. मग तिनं आपल्या छातीवरचं एक पीस उपटलं. पुट्!

दुखलं. खूप दुखलं. पण तिनं पीस वाऱ्यापुढे धरलं.

"हे घे."

"फू!" वारा म्हणाला. पीस हललं.

"फूऽऽ!" शेवग्याची फुलं हलली.

"फूऽऽऽऽ!" वारा आला!

वारा आला, ढग गेला.

ढग गेला, ऊन आलं. कडक ऊन.

ऊन आलं, कुरडई वाळली. काकूंनी एक मोडून पाहिली. कट्ट! "झाली गं बाई," काकू म्हणाल्या. सगळ्या कुरडया डब्यात गेल्या. खडखड खडखड.

कुरडई वाळली, काकू उठल्या. काकूंनी वाटी वाजवली. टणटण टणटण.

काकू उठल्या, पेढा उतरला. धप्प! झोप वगैरे काही नव्हतीच.

पेढा उतरला, काका हलले. एक पाय बधिर झाला होता. तो आधी झटकला. मग दुसरा टाकला. काकांनी झारी उचलली.

काका हलले, झारी वाकली. झुळझुळ झुळझुळ.

झारी वाकली, जास्वंद प्यायली. गट गट गट.

जास्वंद प्यायली आणि पान उठलं. हळू. अजून हळू. अगदी ताठ.

शिंपीण पानावर जाऊन बसली. पान वाकलं नाही.

मग शिंपिणीनं शिवायला घेतलं. टुच टुच. हा काठ त्या काठाला. टुच टुच. आत कापूस घातला. ऊन उतरलं तेव्हा घर झालं होतं.

दुसऱ्या दिवशी घरात एक अंडं होतं. तिसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवशी तीन.

पाचव्या दिवशी जास्वंदीला फूल आलं. लालभडक. वसंतातलं पहिलं. आलं कुठे? बरोब्बर शिंपिणीच्या घरावर.

सकाळी सिंधूकाकू परडी घेऊन आल्या. रोज पहिलं फूल गणपतीला. काकूंनी फुलाला हात लावला. पान हललं.

पानातून एक चोच बाहेर आली. मग एक डोळा. डोळ्यानं काकूंकडे पाहिलं.

काकूंनी डोळ्याकडे पाहिलं.



काकूंनी हात मागे घेतला. अगदी हळूच.

"अहो," काकू कुजबुजल्या, "आज गणपतीला झेंडू चालेल."

"का गं?" विसूकाका मोठ्यानं म्हणाले.

"शूऽऽ! इथे बाळंतीण आहे."

पान शिवलं, दोरा सरला. गोष्टीलाही गाठ मारली. टुच!