परक्या हाताची माती

बांधाला परक्याचा हात लागला की बांध फुटतो, हा आंबेखार गावाचा नियम होता. का फुटतो, हे विचारायचे नाही, हा त्याच्याही वरचा नियम.

गाव खाडीकाठी वसले होते. बांधाच्या एका बाजूला खारे पाणी, दुसऱ्या बाजूला भाताची शेते. खारे पाणी एकदा आत शिरले की कित्येक पावसाळे शेत पिकत नसे. म्हणून प्रत्येक घराकडे बांधाचा एक वाटा असे आणि तो घरच्यांनीच राखायचा असे. केवडीचा बाप कमरेने अधू झाला होता. त्यांचा वाटा केवडी राखी. लहानपणी 'का' विचारले म्हणून तिने मार खाल्ला होता. आता ती ओठ मिटून माती वाही.

एकदा खाडीपलीकडच्या राज्यातून एक माणूस पोहत आला. नाव सिदबा एवढेच सांगितले, मागचे काही बोलला नाही. बांधाबाहेर झोपडी घालून तो बांबूच्या टोपल्या विणू लागला. त्या इतक्या घट्ट असत की ओला चिखल नेला तरी थेंब गळत नसे. गावाने भात देऊन त्या टोपल्या घेतल्या आणि बांधाच्या मातीसाठी वापरल्या. केवडीच्या बापाने मात्र घरची जुनी गळकी टोपली सोडली नाही. नियम म्हणजे नियम.

सिदबाला बांधावर पाऊल टाकायची परवानगी नव्हती. तो टोपल्या खाली ठेवी, लोक येऊन उचलत. तो चाले अगदी आखूड पावलांनी. पोरे त्याला बगळा म्हणत, तोही हसे. सकाळी झोपडीचे दार स्वतःच्या हाताने उघडतानासुद्धा तो हसे. त्यात हसण्यासारखे काय आहे, ते केवडीला कळत नसे.

भात कापणीला आले होते. भर दुपारी खाडीला उधाण आले आणि केवडीच्याच वाट्यात बांध फुटला. सारा गाव धावला. पण टाकलेली माती पाण्याबरोबर वाहून जाई. कुणीतरी भगदाडात उतरून फळी धरल्याशिवाय ती ठरणार नव्हती. एकमेकांकडे बघण्यात वेळ चालला होता. केवडी पदर खोचून उतरणार, तेवढ्यात सिदबा लांब ढांगा टाकत आला, तिला बाजूला सारून पाण्यात उतरला आणि फळीला पाठ लावून उभा राहिला. ओहोटी लागेपर्यंत तो हलला नाही. त्याच्या पाठीमागे गावाने माती भरली. बांध सांधला, पीक वाचले. लोक मटकन खाली बसले, काहीजण तर रडलेच.

सिदबाला वर ओढून काढले, तेव्हा त्याच्या घोट्यांवर सगळ्यांची नजर गेली. तिथे बेडीचे जुने काळे वळ होते. त्याने लपवले नाही. म्हणाला, "घोडा चोरला होता. शिक्षा जन्मभराची होती. बेडी तोडून पळालो."

दुसऱ्या दिवशी गावचे वडीलधारे बांधावर जमले आणि त्यांनी निकाल दिला. कैद्याला होडीत घालून पलीकडच्या शिपायांच्या हवाली करायचे. त्याचा हात लागलेली माती उकरून तिथे नवी माती भरायची. होडी केवडीच्या घरची आणि वाटाही तिचाच, म्हणून ही कामे तिनेच करायची. सिदबा मान खाली घालून खालीच उभा होता.

केवडीने गावाच्या मुख्याला, गावकराला, विचारले, "गावकरकाका, परका हात लागायच्या आधीच बांध फुटला होता ना?"

"चार अक्षरं शिकलीस म्हणून नियमाला जाब विचारतेस?" गावकर म्हणाला. "कामाला लाग."

केवडीने त्याच्या पायाशी पडलेली टोपली उचलली. "ही कुणी विणली? तुमच्या सगळ्यांच्या वाट्यांची माती सिदबाच्याच टोपल्यांतून आली. परका हात त्या प्रत्येक वाट्याला लागलाय, काका. तुमच्यासुद्धा."

"म्हणूनच फुटला," मागून एक म्हातारा पुटपुटला.

"फुटला तो एकटा माझा वाटा. तिथे टोपलीसुद्धा घरचीच होती." तिने फावडे गावकराच्या पुढ्यात ठेवले. "उकरायचं असेल तर सगळा बांध उकरा आणि पुढच्या उधाणाला फळी धरून तुम्ही उभे राहा. मी माती उकरणार नाही. होडीही देणार नाही."

गावकराने फावड्याकडे पाहिले, मग बांधाकडे. कुणीच फावड्याला हात लावला नाही. केवडीने खाली वाकून सिदबाला हात दिला. तो बांधावर चढला, आणि त्याला कुणी 'उतर' म्हटले नाही.

तात्पर्य: ज्याच्या हातचे आपण रोज घेतो, त्याला परका म्हणायचा हक्क आपल्याला उरत नाही; आणि 'का' विचारू न देणारा नियम पहिल्याच खऱ्या प्रश्नाला फुटतो.