पंचवीस मिनिटांचा पहारा

नाशिकच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत हेमांगी टेंभे टायमर लावून प्रोग्राम लिहायची. तो वाजेपर्यंत पंचवीस मिनिटं कुणाशी बोलायची नाही. व्यवस्थापक घोरपड्यांना यात काहीतरी काळंबेरं वाटे. ही नक्की बाहेरची कामं उरकते, असं त्यांनी संचालिका सुलभाताईंच्या मनात भरवलं. हेमांगीच्या नोकरीवर बेतलं.

ती ताईंना म्हणाली, "घोरपडेसाहेबांनीच शेजारी बसावं. माझं लक्ष मोडलं की टायमर पहिल्यापासून लावावा आणि कारण लिहून ठेवावं."

घोरपडे खुर्ची ओढून बसले. चौथ्याच मिनिटाला त्यांना राहवेना. "ही फाइल कसली उघडलीत?" हेमांगीने थांबून सांगितलं. त्यांनी टायमर नव्याने लावला, कारण लिहिलं. मग, "हे का खोडलंत?" मग, "हसलात कशाला?" जेवणाच्या सुट्टीपर्यंत टायमर एकदाही वाजला नाही.

घोरपडे खुशीत कागद घेऊन ताईंकडे गेले. "सतरा वेळा लक्ष मोडलं!"

ताईंनी कागद वाचला. सतराही ठिकाणी घोरपड्यांचेच प्रश्न होते. त्यांनी हेमांगीला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

"साहेबांचा संशय खरा आहे, ताई. कंपनीचा वेळ चोरीला जातोच आहे. चोराचा कबुलीजबाब तुमच्या हातात आहे."

घोरपड्यांनी कागद परत मागितला. ताईंनी तो घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला.