उन्हाळ्यातलं दव

ही गोष्ट सांगायची नाही, असं कुरणात सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे. मलाही तसं बजावून ठेवलं आहे. पण ठरवणारे सगळेच्या सगळे त्या दिवशी तिथे हजर होते, आणि सगळ्यांनी पाहिलेली गोष्ट एकानेही सांगू नये, हे मला काही केल्या पचत नाही. आता मी फांदीवर एकटीच जागी आहे, खाली सगळे सावलीला पेंगत आहेत. तोवर सांगून टाकते.

त्या कुरणात बातमी जो पहिल्यांदा सांगेल त्याची होत असे. पहिल्यांदा सांगणाऱ्याला वडाची सर्वांत उंच फांदी मिळायची. खरं सांगणाऱ्यासाठी वेगळी फांदी नव्हती.

दुसरी रीत पानांची होती. कुणी गेलं, की त्याला ओळखणारे एकेक पान घेऊन येत. पान गळून पडलेलं असायचं, तोडलेलं नाही. गेलेल्याची एक आठवण बोलायची, पान त्याच्या अंगावर ठेवायचं आणि मागे सरायचं. एकदा ठेवलेलं पान घरच्यांशिवाय दुसऱ्या कुणी उचलायचं नाही. सर्वांत शेवटी घरच्यांनी यायचं, पानं बाजूला करून तोंड पाहायचं आणि मागे न बघता निघून जायचं. त्यानंतर गिधाड उतरायचं.

गिधाड कुरणाच्या टोकाला, सुकलेल्या झाडावर बसून असे. अंगात जीव आहे तोवर ते कधी उतरत नाही, हे नुकत्याच जन्मलेल्या पाडसालाही माहीत होतं. पण ते अशुभ, म्हणून त्या झाडाकडे मान वर करून कुणी बघत नसे.

याच कुरणात सावरी नावाची हरिणी होती. तिच्यासारखं धावणारं नदीच्या अलीकडे कुणी नव्हतं आणि पलीकडेही नव्हतं. ती शर्यतीला निघाली की हत्तीसुद्धा वाट सोडून उभे राहत. तिची आई मात्र कुणाच्या लक्षात राहण्यासारखी नव्हती. तिचा पुढचा डावा पाय जन्मापासून आखूड होता. कळप निघाला की ती सर्वांत मागे लंगडत यायची. सावरी लहान असताना आई तिला गवतात सोडून एकटीच पुढे चालू लागायची. खूप पुढे जाऊन वळायची आणि उभी राहायची. मग हाक मारायची. सावरी जीव तोडून धावायची ती आईपाशी पोहोचायला. रोज आई थोडी आणखी लांब जाऊन उभी राहायची. सावरीला धावणं आलं ते असं. जिंकणं वगैरे पुष्कळ नंतरचं.

त्या वर्षी उन्हाळा फार कडक होता. पहाटेचं गवतही जिभेला कोरडं लागायचं. आईने खाणं सोडलं होतं. करंजाखाली मान टाकून ती पडून असायची आणि म्हणायची, की थोडं दव पडलं असतं तर चार काड्या गिळता आल्या असत्या. नदीपलीकडच्या मोठ्या शर्यतीचा दिवस आला तेव्हा सावरीने पाय उचलला नाही. बोलवायला आलेल्यांना तिने दोनदा परत पाठवलं. शेवटी आईनेच तिच्या कानामागे चाटलं.

“जा, धावून ये,” ती म्हणाली. “मी आहे इथे.”

“मी येईपर्यंत?”

“आजवर कधी हलले का गं मी? तू आल्याशिवाय?”

सावरी गेली.

थोड्या वेळाने एक साळुंकी करंजावर येऊन बसली. आई डोळे मिटून पडलेली होती. कानावर माशी बसली होती आणि कान हलत नव्हता. साळुंकी वाकून बघत होती. छाती हलते आहे का, हे कळायला थोडं थांबावं लागलं असतं. पण पलीकडच्या बाभळीवरून दुसरी साळुंकी याच दिशेने उडालेली तिला दिसली. ती थांबली नाही.

“सावरीची आई गेली!” ती उंच उडून ओरडली. लगेच तिला वडाची उंच फांदी मिळाली.

पहिलं पान बगळ्याने आणलं. कुरणात कुठलंही दुःख झालं की पहिला तो उभा असे, कारण एका पायावर डोळे मिटून उभं राहणं त्याला चांगलं जमायचं. त्याने तळ्यातून कमळाचं पान आणलं, परातीएवढं. ते तोंडावर ठेवलं तर सगळ्यांना दिसेल, म्हणून त्याने तोंडावरच ठेवलं. मग तो आपल्याविषयी बोलला. ही माउली आपल्याला भावासारखं मानायची, असं त्याने सांगितलं.

मग रांग लागली. ज्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं ते सगळ्यांत आधी आले. गळलेली पानं लहान आणि वाळकी असतात, दुरून दिसत नाहीत. म्हणून माकडांनी वडाच्या हिरव्या डहाळ्याच मोडून आणल्या. मोराने पिसारा मिटून यायचं ठरवलं होतं, पण एवढी गर्दी पाहून त्याला तो उघडावाच लागला. सरड्याने मातीचा रंग घेतला होता. पुढे उभा असलेला सरडा आपल्याहून गडद आहे, हे पाहून तो काळा झाला. कोल्हीण म्हणाली, की ही आई रोज पहाटे लेकीच्या पुढे धावायची, आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. तिच्या मागच्याने तेच सांगितलं, पण त्यात नदी घातली. त्याच्याही मागच्याने नदीला पूर आणला. रांगेच्या शेवटापर्यंत ती लंगडी हरिणी वाऱ्यालाही मागे टाकू लागली होती, आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत होते.

कोण आलं नाही, याचीही चर्चा चालली होती. ससा आला नव्हता. सावरी नेहमी त्याला हरवायची, म्हणून त्याच्या पोटात दुखत असेल, असं एकाने म्हटलं आणि दहा जणांनी माना डोलावल्या. मग दोघे जाऊन त्याच्या बिळाच्या तोंडाशी घाण करून आले. पुन्हा रांगेत उभे राहिले तेव्हा त्यांचे डोळे अजून ओलेच होते.

मुंगसाच्या बायकोने आपलं पान ठेवलं आणि ती एकदम मागे झाली.

“आत काही हललं का?” तिने शेजारणीला हळूच विचारलं.

“वारा असेल.”

वारा नव्हता. झाडाचं एक पान हलत नव्हतं. तिने पुढे पाहिलं, मागे पाहिलं. ठेवलेलं पान उचलायचं नाही, ही रीत तिला ठाऊक होती. शिवाय एवढे सगळे रडून झाले होते. ती गप्प राहिली आणि मुलांना म्हणाली, की फारच गर्दी आहे.

सावरीला हे नदीपलीकडे कळलं. शर्यत सुरू व्हायची होती. ती पाय मोकळे करत होती, तेवढ्यात एक साळुंकी समोरच्या दगडावर येऊन बसली.

“ताई, आई गेल्यावर कसं वाटतंय?”

सावरी तिच्याकडे बघत राहिली. साळुंकीने मान तिरकी करून पुन्हा तेच विचारलं, या वेळी जरा मोठ्याने, कारण आणखी दोघी उडत येत होत्या.

सावरी वळली आणि धावली. नदी तिने कशी ओलांडली ते तिला आठवत नाही. कुरणाच्या अलीकडच्या टेकाडावर ती आली तेव्हा खाली करंजाभोवती मुंग्यांसारखी गर्दी दिसत होती. तेवढ्यात तिची नजर सुकलेल्या झाडावर गेली.

गिधाड बसलेलं होतं. मान पंखात खुपसून, निवांत.

सावरीला हसू आलं. रडूही आलं. आई होती. म्हटल्याप्रमाणे थांबली होती. ती टेकाडावरून खाली झेपावली. आजवर ती त्याहून वेगाने कधी धावली नव्हती, आणि ते कुणीच पाहिलं नाही.

गर्दीच्या कडेपर्यंत ती क्षणात पोहोचली. पुढे एक पाऊल टाकता येईना.

“आली, आली!” कुणीतरी म्हणालं, आणि सगळे तिच्याकडे वळले. म्हशींनी तिला मध्ये घेऊन चाटलं. सावरी वाट द्या म्हणत होती, ती जिवंत आहे, अंगावरची पानं काढा म्हणत होती. ते म्हणाले, की पहिल्या दिवशी असंच वाटतं बाई, आमची आई गेली तेव्हा आम्हीही असंच म्हणायचो. मग प्रत्येकाने आपल्या आईची गोष्ट सांगितली. रानडुकराने तिला बाजूच्या डबक्याकडे ढकलत नेलं आणि पोरांना तिच्या शेजारी उभं केलं, का तर पाण्यात सगळ्यांची छबी एकत्र दिसावी. एका पोराचं तोंड नीट दिसेना, म्हणून तिला पुन्हा वाकायला लावलं. मागून कुणी म्हणत होतं, की ही रडत कशी नाही, हिला काही वाटतंय की नाही. त्याच्या शेजारचा म्हणत होता, की काय धीराची पोर आहे. परवाच्या शर्यतीचं काय, असंही एकाने हळूच विचारून घेतलं.

सावरीने कुणाला धडक दिली नाही. आईने तिला लहानपणी एकच गोष्ट दटावून शिकवली होती, की गर्दीत कुणाच्या पायावर पाय द्यायचा नाही. ती खांदा पुढे करत, माफी मागत, एकेक अंग ओलांडत राहिली आणि मधूनमधून मान वर करून सुकलेल्या झाडाकडे बघत राहिली. गिधाड तिथेच होतं.

ढीग दिसू लागला तेव्हा त्याच्यासमोर बगळा उभा होता. तो बोलत होता, आणि तो बोलत असताना पुढून जायचं नसतं. म्हणून पहिल्या रांगेतल्यांनी तिला धरून ठेवलं. बगळ्याने तिला पाहिलं, बोलणं थांबवलं, दोन पावलं जवळ आला आणि चोच तिच्या कानाशी आणली.

“पोरी, आईचं नाव काय गं?”

“आजोबा, ती जिवंत आहे,” सावरी म्हणाली. “गिधाड उतरलं नाही. तुम्ही बघा ना तिकडे. ती जिवंत आहे.”

बगळ्याने तिकडे बघितलं नाही. त्याचे डोळे भरून आले. तो गर्दीकडे वळला.

“ऐकलंत? लेक काय म्हणते? आई जिवंत आहे! आणि खरंच आहे ते. तुमच्या, माझ्या, या अख्ख्या कुरणाच्या मनात ती जिवंत आहे!”

असा हुंदका उठला की झाडावरचे पक्षी उडाले. मोराने पिसारा थरथरवला. मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं, म्हणून बगळ्याने ते पुन्हा म्हटलं. मग तिसऱ्यांदा म्हटलं.

तो तिसऱ्यांदा म्हणत असताना एक सावली ढिगावरून सरकत गेली. रुंद, हळू. बगळ्याच्या पाठीवरून, मोराच्या पिसाऱ्यावरून, सावरीच्या कपाळावरून. सावरीने वर पाहिलं नाही. आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

धरणाऱ्या सगळ्यांना तिने झटकलं आणि उभ्या जागेवरून उडी मारली. बगळ्याच्या डोक्यावरून ती ढिगात जाऊन पडली. काय उडी मारली, असं कुणी तरी भान न राहून म्हणालं, आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

ती पानं उपसू लागली. वरच्या डहाळ्या एवढ्या जड होत्या की कपाळाने ढकलाव्या लागल्या. त्यांच्याखाली पळसाचे ढीग होते, पावलांनी तुडवून चिकट झालेले. आत कोंदट ऊब होती. आखूड पाय लागला, मग खांदा, मग मान. सर्वांत खाली, तोंडावर, कमळाचं पान होतं. कडा खाली दाबल्या जाऊन ते घट्ट बसलं होतं. सावरीने ते दातांनी उचललं आणि उलटं केलं.

पानाच्या आतल्या बाजूला, नाकाच्या जागी, थेंब होते. बारीक, दाटीवाटीने, एकाला एक लागून. मधले मोठे होऊन एकमेकांत मिसळले होते आणि पान तिरपं होताच ओघळले.

सावरीने जीभ लावली. ते कोमट होते.

पहिल्या रांगेतल्यांनी हे पाहिलं. दुसऱ्या रांगेने पहिलीला काय झालं ते विचारलं आणि पहिली मागे सरली. मुंगसाच्या बायकोने मुलांना पाठीमागे ओढलं. उंच फांदीवरच्या साळुंकीला बोलायला तोंड होतं, पण त्या एका वेळी पहिल्यांदा बोलायची तिला घाई नव्हती. मग बगळ्याने घसा साफ केला.

“दव आहे,” तो म्हणाला.

“दवच,” मागून कुणी म्हणालं.

“पडतं कधी कधी.”

भर दुपार होती, आणि तळ्याचा तळ दिसत होता. ते दव होतं, असं ठरलं. घरी जाऊन याविषयी बोलायचं नाही, असंही ठरलं, कारण बिचारीला उगाच त्रास नको. मग सगळे हळूहळू निघाले. जाताना डबक्यापाशी दोघे-तिघे थांबले, पाण्यात बघून गेले.

सावरी त्यानंतर शर्यतीत दिसली नाही. ते पान तिने कुठे नेलं हे मला माहीत आहे, आणि पहाटे ती काय करते तेही मी पाहिलं आहे. ती कुरणाच्या पार टोकाला जाते, वळते, आणि…

खालून हाका येताहेत. तळ्यापलीकडची म्हातारी नीलगाय गेली म्हणतात. सगळे उठले, रांगसुद्धा लागली, आणि मला ओरडून विचारताहेत, “अगं, पान तोडलंस का? चांगलं मोठं घे!” आले, आले. एवढंच सांगून येते. इथून सुकलेलं झाड स्पष्ट दिसतं, आणि गिधाड तर अजून मान पंखात घालून…