देवाची गळती

"मग वर गेल्यावर त्यांचं वजन जातं कुठे?" अण्णांनी विचारलं.

"संपतं," सोपान म्हणाला.

"संपतं? कशानं?"

"तिथे गुरुत्वच नसतं ना, अण्णा. म्हणून तर अंतराळवीर तरंगतात."

अण्णा भुईमुगाची शेंग फोडत राहिले...

कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले अण्णा आता महादेवाच्या टेकडीवर, देवळालगतच्या ओवरीत राहत. जो चढून येईल त्याला शिकवत. सोपान तिथेच शिकून मोठा झाला. उद्यापासून तो शहरातल्या विज्ञान केंद्रात मुलांना शिकवणार होता. पहिलंच व्याख्यान रॉकेटवर. जाण्याआधी ते अण्णांना ऐकवायला आला होता.

ऐकवायला म्हणजे, खरं तर, दाखवायला. गावात, कॉलेजात, अगदी नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा सगळे त्याला 'अण्णांचा सोपान' म्हणत. ते शेपूट त्याला आज इथेच तोडून जायचं होतं.

"सुरुवात झकास होती," अण्णा म्हणाले. "रॉकेट कशाला ढकलून पुढे जातं, ते पुन्हा सांग."

"बाहेरच्या कशालाच नाही. पोटातला तापलेला वायू जोरात मागे फेकतं. वायू मागे, रॉकेट पुढे. हवा असो वा नसो."

"शाब्बास. हे पोरांना कळेल."

सोपान खुलला.

"आणि गुरुत्व संपतं, हे कोणी शिकवलं? मी?"

"त्यात शिकवायचं काय, अण्णा? वर जावं तसं ते कमी होतंच."

"होतं. पण अंतराळवीर राहतात तिथवर फारसं नाही. आणि चंद्र तर त्याहून किती लांब. त्याला कोणी धरून ठेवलंय?"

सोपान जरा तोऱ्यातच म्हणाला, "मुलांना सोपं करून सांगावं लागतं."

"सोपं सांग की. खोटं कशाला?"

अण्णांनी टरफलं झटकली आणि ते तडक गाभाऱ्यात शिरले.

पिंडीवर साखळीला तांब्याची गळती टांगलेली होती. तळाला भोक असलेलं अभिषेकाचं भांडं ते. पाणी भरलं की देवावर ठिबकत राहायचं. वर्षानुवर्षं घासून घासून भोक मोठं झालेलं, त्यामुळे आता थेंबांऐवजी बारीक धारच लागायची. अण्णांनी गळती साखळीवरून काढली, भोकावर बोट धरलं आणि बाहेर आले.

"अहो अण्णा!" दगडू गुरव मागून धावला. "देवाची गळती हाय ती!"

"आणतो परत. घटकाभर बसू दे देवाला कोरडं."

"अन् अभिषेकाला कुणी आलं म्हंजे?"

"सांग, देव अभ्यासाला बसलाय."

अण्णा नगारखान्याच्या पायऱ्या चढून वर गेले. खाली अंगणात सोपान उभा.

"हात पुढे कर. आणि भोकावरची नजर हलवू नकोस."

त्यांनी बोट काढलं. पाण्याची धार सोपानच्या पायाशी फरशीवर पडू लागली.

"का पडते धार?"

"पाण्याला वजन आहे म्हणून."

"बरं," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी गळती सोडून दिली.

गळती हवेत होती तेवढा वेळ भोकातून थेंबसुद्धा बाहेर आला नाही.

मग ती धपकन त्याच्या हातांत आली. अर्धं पाणी त्याच्या डोक्यावर, उरलेल्याची पुन्हा धार.

सोपान तसाच उभा...

"थांबली होती," तो पुटपुटला. मग ओरडला, "अण्णा, पुन्हा!"

गळती भरून पुन्हा वर गेली. पुन्हा सुटली. या वेळी गुरवही डोळे ताणून बघत होता.

"आयला, थांबतीय की वो!"

"काय रे, गुरुत्व संपलं होतं का मधे?" अण्णांनी वरूनच विचारलं.

"नाही. त्यानंच तर खाली आली." सोपान डोळ्यांवरचं पाणी पुसायचंही विसरला. "पाणी पडत होतं, भांडंही पडत होतं. दोन्ही बरोबरीनं. पाण्याचा भार भांड्यावर आलाच नाही."

"आणि तुझे तरंगणारे?"

"पडतायत!" त्याला हसूच फुटलं. "यानासकट पडतायत, अण्णा. सारखे पडतायत."

"मग आपटत का नाहीत?"

सोपान धावतच नगारखान्यावर चढला. खाली टेकडीचा उतार पसरला होता. त्यानं एक खडा आडवा फेकला. मग दुसरा, आणखी जोरात. तो कितीतरी लांब जाऊन उतारावर पडला.

"आडवे जातायत म्हणून. इतक्या जोरात, की ते जेवढे खाली येतात तेवढीच गोल पृथ्वीही त्यांच्याखालून वाकत जाते. रॉकेट थोडं वर चढलं की आडवं वळतं, ते याच्यासाठी! आणि मी मुलांना नुसतं वर, वर आणि वरच सांगणार होतो."

"आडवा वेग कमी पडला तर?"

"तर खाली."

अण्णांनी खिशातल्या शेंगा त्याच्या ओल्या हातावर ठेवल्या. दोघं कठड्याला टेकून खात बसले. खाली गाभाऱ्यात गुरवानं गळती पुन्हा साखळीला अडकवली. पिंडीवर धार लागल्याचा आवाज वरपर्यंत आला.

"अण्णा..."

"बोल."

"राग मानू नका. 'अण्णांचा सोपान' ऐकून ऐकून मला वीट आलाय. वाटलं होतं, लांब गेलो की ते संपेल."

"काय, गुरुत्व?"

सोपान हसला. बराच वेळ हसत राहिला. आल्यापासून पहिल्यांदाच त्याला अगदी हलकं वाटत होतं.

पायथ्याशी एसटीचा हॉर्न वाजला. तो उठला, पिशवी खांद्याला अडकवली आणि वाकला.

"पाया पडतो, अण्णा."

"पड की. पडत राहा," अण्णा म्हणाले. "पण जोरात जा रे. हळू गेलास, तर माझ्याच दारात येऊन आपटशील."